आभाळ टेकतं तिथला सांधा

प्रिय ताई,

पत्र कशासाठी लिहितेय ते सुरुवातीलाच सांगावं अशी रीत आहे, पण ते मी शेवटाला ठेवलंय. पानं उलटून आधी शेवट बघू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचीस, आणि वर मलाही सांगून टाकायचीस. आत्ता दुपार आहे. मी संग्रहालयाच्या कार्यशाळेत आपल्या त्या लांब टेबलाशी बसलेय. टेबल तेच, त्याच्यावरचे मेणाचे डाग तेच, खिडकीची कडी अजून तारेनेच बांधलेली. समोर गवताच्या पात्यांचा ढीग पडलाय, रंगवायचा राहिलेला, आणि त्याला हात लावायची इच्छा होत नाहीये. मागच्या सोफ्यावर बाबा झोपलेत. सोफ्याशेजारी ते पेंढा भरलेलं हरीण उभं आहे, कसरीने एक कान खाल्लेलं, आणि त्याच्या शिंगाला बाबांची टोपी अडकवलीय. वॉचमनकाका मघाशी डोकावले आणि म्हणाले, आज दोघंही अगदी शांत आहेत.

तर पहिली बातमी हीच, की बाबा आता रोज माझ्याबरोबर कामावर येतात. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या बाई गेल्या. त्यांनी वाईट शब्द काढला नाही. पर्स खांद्याला लावून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुमचे वडील फार गोड आहेत हो, पण मलाही पाठ एकच आहे. मला रागावताही येईना. त्यांच्यानंतरच्या बाई आठवडाभरही टिकल्या नाहीत. तिसऱ्या बाईंना बाबांनीच काढलं. त्या सारखा खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या, तर आभाळ झाकणाऱ्या माणसाशी आपलं जमायचं नाही, असं बाबांनी त्यांना तोंडावर सांगितलं. तेवढ्यापुरते ते अगदी जुने बाबा होते. मला हसू आलं, मग संध्याकाळी भांडी घासताना रडूही आलं, पण ते बहुतेक दमल्यामुळे असेल. हल्ली मी कशानेही रडते. काल सुईत दोरा जाईना म्हणून रडले.

हे सगळं मी तुला रविवारी व्हिडिओवर बोलले नाही. रविवारचं बोलणं वेगळं असतं. या खेपेला तू किती खूश होतीस! बाबांचा चेहरा किती टवटवीत दिसतो म्हणालीस, खिडकीतून उजेड किती छान पडलाय म्हणालीस. आणि तुला बघितल्या बघितल्या ते म्हणाले, काय गं बगळे, तिकडे पाणी किती आहे? तेव्हा तुझा आवाजच भरून आला. त्यांना माझं पाणथळीचं काम आठवतं, असं तू दोनदा म्हणालीस. मी फोनच्या मागे उभी होते, तुला दिसत नव्हते. बरं झालं दिसत नव्हते.

दुसरी बातमी कामाची. नवे साहेब आलेत. पोरगेलेसे आहेत, बोलायला गोड, सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग आधी ठरवलेलंच करतात. त्यांना आपल्या मोठ्या दालनातल्या, काचेमागच्या पाचही देखाव्यांना नव्या पाट्या हव्यात. जुन्या पाट्यांवर नुसती प्राण्यांची आणि झाडांची नावं होती, ती कुणी वाचत नाही म्हणे. नव्या पाटीवर तीन गोष्टी असणार. इथे कोण राहतं, ते काय खातं, आणि याचा आपल्याला उपयोग काय. तिसरी गोष्ट एका ओळीत. दालनातली जुनी माणसं आता मी आणि वॉचमनकाकाच उरलोय, आणि वॉचमनकाका म्हणाले की मला सही करायला सांगा, ओळ नको. म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मेणाची पानं बनवणाऱ्या बाईला लेखिका केलंय त्यांनी.

जंगलाचं सोपं होतं. जंगलाच्या बाजूने सगळेच असतात. जंगल आपल्याला शुद्ध हवा देतं, असं साहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मी त्यात पाऊस घातला. थेंब आधी वरच्या पानावर पडतो, मग खालच्या, मग फांदीवरून खोडावर, आणि शेवटी पाचोळ्यावर. जमिनीला लागेपर्यंत त्याचा सगळा जोर गेलेला असतो, म्हणून माती जागेवर राहते आणि झरे उन्हाळ्यातही वाहतात. हे तू मला सांगितलं होतंस, तो पाचोळा एकेक पान करून बनवताना. कापसाच्या पातळ थरावर मेण, मेणावर प्लास्टरचा साचा, मग शिरांना रंग. त्या पाचोळ्यात माझे किती महिने गेले ते माझं मला माहीत, आणि लोक फांदीवरचा बिबट्या बघतात आणि पुढे जातात.

माळाच्या देखाव्यापाशी साहेब थबकले. इथे काहीच नाहीये, म्हणाले, मागे दोनचार झाडं रंगवून घेता येतील का? मी म्हटलं, साहेब, खऱ्या माळावरही लोक हेच करतात. रिकामी जागा दिसली की रोपं लावून फोटो काढतात. मग त्या झाडांवर ससाणे येऊन बसतात, आणि उघड्यावर अंडी घालणाऱ्या पाखरांना ती जागा सोडावी लागते. गवत वर गुडघ्याएवढं असतं आणि खाली त्याची मुळं माणूस उभा मावेल एवढी खोल. गुरं चरून जावोत नाहीतर वणवा लागो, खालचं शिल्लक राहतं आणि पहिल्या पाण्याला पुन्हा वर येतं. तेच माती धरून ठेवतं. साहेब म्हणाले, अरे वा, हेच लिहा. एवढं एका ओळीत कसं लिहू? शेवटी लिहिलं, की माळ आपलं धन जमिनीखाली ठेवतो. वॉचमनकाका म्हणाले, म्हणजे माझ्या सासऱ्यांसारखा.

वाळवंटाचंही जमलं. वाळूवरची ती काळसर खपली तुला आठवते? नीट बघितलं नाही तर धूळच वाटते, पण ती जिवंत असते, आणि तिच्यामुळे वाळू उडून जात नाही. तिच्यावर पाय पडला तर भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, असं तू सांगितलंस, तर बाबा चित्राचं सामान डोक्यावर घेऊन एवढा मोठा वळसा घालून गेले होते आणि उन्हाने लालबुंद होऊन परत आले होते. किनाऱ्याच्या देखाव्यात खारफुटीची मुळं आहेत. त्या मुळांच्या जाळीत लाटा दमतात, माशांची पिल्लं वाढतात आणि मागची गावं वादळातून वाचतात, असं लिहिलं. तिथल्या खेकड्याची एक नांगी पडलीय, तीच मुलांना सगळ्यात जास्त आवडते. खेकडा भांडून आलाय असं त्यांना वाटतं.

पाणथळीची पाटी मात्र कोरीच राहिली. ती तुझी म्हणून असेल. आपल्या दालनात तो देखावा शेवटचा, डाव्या कोपऱ्यात, आणि सगळ्यात कमी लोक तिथे थांबतात. जंगल म्हटलं की माणसं मान वर करतात, समुद्र म्हटलं की हात पसरतात, आणि दलदल म्हटलं की नाकाला रुमाल लावतात. त्यातून या वर्षी मागच्या भिंतीत ओल आली. बाबांनी रंगवलेल्या आभाळाला खालून बुरशी धरली. दालनातला हा एकच देखावा खऱ्या पाण्यावर चालतो, असं मी साहेबांना म्हटलं तर ते हसले नाहीत, दुरुस्तीचा अर्ज करा म्हणाले. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही त्याची काच काढली.

काच काढली आणि आत पाऊल ठेवलं, तर ताई, मी लहानच झाले. आपण तिघं त्या खऱ्या पाणथळीवर जायचो ते आठवलं. बाबा उंचवट्यावर बसून आभाळाची रेखाटनं करायचे. तू चिखलात शिरायचीस, बूट रुतायचा, आणि एका पायावर उभी राहून ओरडायचीस. तेव्हापासून तू बगळी. मी काठावर बसून पानं वेचायची आणि आकाराप्रमाणे लावून ठेवायची. तेव्हापासून मी मुंगी. आई घरी आपली वाट बघत असायची आणि तिघांना अंगणातच पाय धुवायला लावायची. पुढे या देखाव्यांची कामंही आपण तशीच वाटून घेतली. आभाळ बाबांचं, जमीन माझी, आणि कुठल्या गवताशेजारी कुठलं गवत उगवत नाही हे सांगणं तुझं. लव्हाळं त्या बाजूला नको, तिथे पाणी खोल आहे, असं तू म्हणायचीस आणि माझी सगळ्या दिवसाची मेहनत उपटून टाकायचीस. मला राग यायचा. बाबा म्हणायचे, उपट गं, ती सांगते तर उपट.

आणि संग्रहालयात सगळे बाबांना आभाळवाले म्हणायचे, पण त्यांचा खरा जीव आभाळात नव्हता, सांध्यात होता. माझी मेणाची, काड्यांची जमीन संपते आणि त्यांची रंगवलेली भिंत सुरू होते, ती रेघ. भिंत गोल वळवलेली, कोपरा नाही, म्हणजे आभाळ कुठे मोडत नाही. सांधा सरळ ठेवायचा नाही. मधे एखादं गवताचं ठोंब, एखादं पडलेलं खोड. जमिनीवरचा रंग भिंतीवर थोडा चढू द्यायचा, भिंतीवरचा थोडा जमिनीवर उतरू द्यायचा. डोळ्याला थांबायला जागा द्यायची नाही. मग काचेपलीकडे उभ्या माणसाला मैलोन्‌मैल पाणथळ दिसते, आणि असते ती आपल्या स्वयंपाकघराएवढी. सांधा दिसला की संपलं, असं ते रोज म्हणायचे. आणि दुसरा नियम, देखाव्यात माणूस ठेवायचा नाही. माणूस आला की बघणारा बाकी काही बघतच नाही. जुन्या साहेबांना कडेला एक कोळी हवा होता, तर बाबांनी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता.

आता घरातलं सांगते. महिन्याभरापूर्वी बाबांनी बुटाच्या पॉलिशने घरभर एक रेघ ओढली. मी आंघोळीला गेले होते तेवढ्या वेळात. दाराच्या चौकटीपासून सुरू झाली ती हॉल, बोळ, माझी खोली करत पुन्हा चौकटीपाशी आली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, कुठे वर नाही की खाली नाही. घरभर क्षितिज. मी विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाले, खालचं तू भर, मला वेळ नाही. मी दोन दिवस घासलं, मग सोडून दिलं. आता मी त्या क्षितिजाच्या आत राहते. गॅसची नळी काढून ठेवते, दाराला वरून कडी लावते, नळ बांधून ठेवते. कपडे घालून दिले की ते काढतात, काढलेले परत घातले की आभार मानतात. रात्री मला दोन तासांपेक्षा जास्त सलग झोप लागत नाही. कधी कधी ते मला बघून घाबरतात. स्वतःच्या वडिलांना आपली भीती वाटावी, याची सवय कशी करायची ते मला अजून जमलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, हे असंच उतरत जाणार. किती, ते सांगत नाहीत, आणि मी विचारतही नाही.

मंगळवारचं सांगते आणि मग मुद्द्यावर येते. मंगळवारी सकाळी मी पाणथळीच्या देखाव्यातली पाती ब्रशने झाडत होते. बाबांना बाहेर खुर्चीवर बसवलं होतं, हातात जुना ब्रश दिला होता, तो ते बोटांनी फुलवत बसतात. बारीक ब्रश आणायला मी कार्यशाळेत गेले. परत येते तर खुर्ची रिकामी. बाबा बूट काढून, पायमोजे काढून देखाव्यात शिरले होते आणि रेझिन ओतून केलेल्या खोट्या पाण्याच्या काठाशी, अगदी सांध्याला पाठ टेकून, मांडी घालून बसले होते. आणि समोर एका शाळेची अख्खी रांग उभी. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. मुलांना वाटलं, हे देखाव्यातलेच. त्यांच्या बाईंनाही बहुधा क्षणभर तसंच वाटलं, कारण त्याही पाटी शोधत होत्या.

मग बाबांनी मान हलवली आणि दोनचार मुलं किंचाळली. एका मुलीला काही भीती वाटली नाही. दोन शिंगांसारख्या वेण्या, हातात शाळेने दिलेला कागद, त्यावर साहेबांचेच तीन प्रश्न. तिने वाकून विचारलं, आजोबा, तुम्ही इथेच राहता? बाबा म्हणाले, हो. तिने लिहिलं. काय खाता? बाबांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, हिला विचार. सगळी मुलं हसली, मीही हसले. मग तिने कागदावरचा तिसरा प्रश्न वाचला, तुमचा उपयोग काय? तिच्या बाई पुढे झाल्या, अगं असं विचारू नये म्हणाल्या. पण बाबा विचार करत होते. खरोखरच करत होते, कपाळाला आठ्या घालून, रंग निवडताना करायचे तसा. आणि म्हणाले, आता काही नाही. त्यात दुःख नव्हतं गं. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं म्हणाले. मुलगी ते लिहून घ्यायला लागली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की त्यांची पँट ओली झालीय. खालचं मेणाचं गवत ओलं झालंय आणि ओल पुढे सरकतेय. मुलांना ते पाणथळीचं पाणी वाटत होतं, पण किती वेळ वाटलं असतं? काही न सुचून मी चपला काढल्या, आत चढले आणि त्यांच्या पुढ्यात, ओल झाकली जाईल अशी बसले. आणि बोलायला लागले. तुला माहीत आहे, चार माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. आईच्या शोकसभेतही तूच बोलली होतीस. पण मी बोलले. म्हटलं, ही पाणथळ. हिला लोक डबकं म्हणतात, पडीक म्हणतात, बुजवून वर घरं बांधतात. डोंगरावरून पाणी धावत येतं तेव्हा ही त्याला थांबवते. काही विचारत नाही, सगळं पोटात घेते. पाण्यातली घाण मुळांशी धरून ठेवते आणि पुढे निवळ पाणी सोडते. पावसाळ्यात घेतलेलं उन्हाळ्यात थोडं थोडं देते, म्हणून खालच्या विहिरी आटत नाहीत. लांबून थकून आलेली पाखरं इथे उतरतात, अंग भरून घेतात आणि पुढे जातात. इथे मेलेलं गवत पूर्ण कुजत नाही, थरावर थर साठतो, शेकडो वर्षांचा, आणि एरवी हवेत जाऊन ऊन वाढवणारा धूर त्या चिखलात गप्प पडून राहतो. जंगल, माळ, वाळवंट, किनारा, सगळ्यांचं काम वेगवेगळं आहे आणि एकाचं काम दुसरा करू शकत नाही. हिचं काम धरून ठेवायचं.

माझ्या पाठीला बाबांचे गुडघे लागत होते. ओल माझ्या कपड्यांपर्यंत पोचली होती. रांगेच्या शेवटी उभ्या एका चष्मेवाल्या मुलाने विचारलं, आणि ती पूर्ण भरली तर? ताई, तुझं उत्तर मला पाठ होतं. तू पहिल्यांदा पाणथळीचं काम धरलंस तेव्हा रात्रंदिवस हेच सांगायचीस. मी म्हटलं, भरली की मग ती काही घेऊ शकत नाही. वरून पाहिलं तर तशीच दिसते, हिरवी, शांत, पाखरंही बसलेली असतात. पण पुढचं पाणी ती अडवत नाही, ते सरळ खालच्या गावात जातं. आणि हे बोलता बोलता मी मागे हात नेऊन बाबांचा गुडघा धरला. मुलांच्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गवताकडे बघितलं आणि मुलांना म्हणाल्या, चला, खेकडा बघायचाय ना! रांग गेली. वेण्यांवाली जाता जाता बाबांना टाटा करून गेली, त्यांनीही केला.

वॉचमनकाकांनी दालनाचं दार लावून घेतलं आणि गरम पाणी, टॉवेल आणून ठेवला. मी बाबांचे पाय पुसत होते आणि ते सांध्याकडे बघत होते. बुरशीमुळे तो उघडा पडलाय, जमीन कुठे संपते ते स्वच्छ दिसतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, हे कुणी केलंय? इतकं चांगलं कुणी केलंय? मी म्हटलं, तुम्ही. त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, चांगलं आहे, पण सांधा दिसतोय, त्या माणसाला सांगा.

पाणथळीची पाटी मी काल लिहून दिली. ही धरून ठेवते, एवढंच. साहेब म्हणाले, थोडं कमी वाटतंय. मी म्हटलं, राहू द्या.

आता ते कारण. रविवारी तू फोनवर जे बघतेस, तो देखावा आहे ताई. मी शनिवारपासून तयारीला लागते. दाढी, नखं, निळा शर्ट, कारण निळ्या शर्टात चेहऱ्याला रंग येतो. खुर्ची खिडकीच्या उजवीकडे, म्हणजे हल्ली सुजलेला असतो तो हात सावलीत जातो. भिंतीवरची रेघ दिसू नये म्हणून मागे तुझी जुनी शाल. फोन अशा उंचीवर, की कमरेखालचं काही दिसायला नको. बाबांच्या हाताखाली शिकलेय, सांधा दिसला नाही यात नवल नाही. आणि फोनच्या काठाला, तुला दिसणार नाही अशी, मी एक पाटी चिकटवते. मोठ्या अक्षरात. ही बगळी. तुमची मोठी मुलगी. तिकडे पाणी किती आहे ते विचारा. अक्षरं त्यांना अजून वाचता येतात, ती वाचून ते तुला हाक मारतात. मला हाक मारत नाहीत, मला पाटी नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून हे सुरू केलं आणि मग मोडवेना, कारण तुझा चेहरा असा फुलतो, की आठवड्यात तेवढंच एक काहीतरी चांगलं दिसतं मला. पण तू दर वेळी म्हणतेस, बाबा छान आहेत, मग हा हंगाम संपला की येते, पुढचा संपला की येते. तुझी चूक नाही, मी तुला दाखवलंच तसं. येत्या रविवारी मी काही मांडणार नाही. दाढी नाही, शाल नाही, पाटी नाही. फोन खोलीकडे तोंड करून नुसता फळीवर ठेवीन. ते तुला ओळखणार नाहीत. कोण तुम्ही, असं विचारतील, कदाचित उठून निघून जातील. तू फोन बंद करू नकोस. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहा, भिंतीवरची रेघ बघ, मग मीही समोर येऊन बसेन, मलाही बघ. आणि मग सामान भर आणि ये. तिथली पाणथळ थोडे दिवस दुसऱ्या कुणाच्या हाती दे ताई, इथली भरलीय.

तुझीच, अजून तरी उभी असलेली,
मुंगी